भिंतीजवळचा ढीग

ये, बस. त्या बीमवर नको, सुताला घाम लागतो.
डब्यावर बस.
वडील म्हणाले ना, चिप्पामामांकडून कारखाना शिकून घे,
तर आधी वही मीट.
आधी कान.

अक्कलकोट रोडच्या या शेडमध्ये अठ्ठावीस माग.
तुला एकच खडखड ऐकू येत असेल.
मला अठ्ठावीस येतात,
आणि आत्ता सत्तावीसच.
तो बघ, खिडकीकडचा अकरावा. कांडी संपली,
यादगिरी तंबाखू मळतोय.
मळू दे.
माणूस दोन मिनिटं थांबला तर विचारायचं नसतं.
माग का थांबला, एवढं विचारायचं.

आता हा टॉवेल हातात घे.
सूत गाडीतून उतरलं त्या दिवसापासून
हा गठ्ठ्यात बांधला जाईपर्यंत तेरा दिवस गेले.
त्यातला कामाचा वेळ किती?
ताणा, बाणा, रंग, वाळवण, काठ, घडी,
सगळं मिळून एक दिवससुद्धा नाही, पोरी.
बाकीचे दिवस हा नुसता पडून होता,
पंगत उठेपर्यंत कोणी पाट न मांडलेल्या
पाहुण्यासारखा.

तुझ्या वडिलांनी सहा माग नवे घेतले,
नारळ फोडला, सगळ्यांना पेढे.
महिन्याभरात विणाई वाढली,
ट्रक मात्र तेवढाच भरायचा.
मधलं गेलं कुठे?
त्या भिंतीला. छातीएवढा ढीग,
उंदरानं त्यात बाळंतपण उरकलं.
साहेब म्हणाले, बाया हात चालवत नाहीत.

मी खिशात भाजलेले शेंगदाणे भरले
आणि शिवणखात्यात जाऊन बसलो.
पाच मशिनी, पाच बाया.
दोऱ्याचं रीळ संपलं की उठायचं,
अंगण ओलांडून गोदामापर्यंत,
उन्हात, चव्वेचाळीस डिग्रीत.
गोदामाला कुलूप. किल्ली मुनीमजींकडे.
मुनीमजी जेवायला.
एक फेरी, एक शेंगदाणा
डाव्या खिशातून उजव्या खिशात.
सुट्टीच्या भोंग्याला मोजले, त्रेसष्ट.
मध्ये भुकेला दोन-चार खाल्ले असतील,
तेवढी चूक धर.

दुसऱ्या दिवशी दोऱ्याचं कपाट
मशिनींच्या मागे सरकवलं,
किल्ली अनसूयाबाईच्या कमरेला.
खर्च काय? हमालाला चहा.
गड्ड्याची जत्रा यायच्या आत
भिंतीचा चुना दिसायला लागला.
साहेबांनी पाठीवर थाप मारली,
विचारलं, काय केलंत मामा?
म्हटलं, कपाट सरकवलं.

इथपर्यंतची गोष्ट ते सगळ्यांना सांगतात.
पुढची मी सांगतो.
ढीग संपला तसं साहेब म्हणाले,
आता चार मशिनी पुरतील.
हिशेब चुकला नव्हता. माझेच शेंगदाणे मोजून केलेला.
गेली ती सुगलाबाई,
सगळ्यात शेवटी लागलेली.
आता विडी घरकुलात हजार विड्या वळते दिवसाला,
त्यातल्या पन्नासेक छाटात काढतात,
त्याची मजुरी नाही.
मला दिसली की बोलते, चहा घेता का विचारते.
मी घेत नाही.

हे तुझ्या पुस्तकात कुठल्या धड्यात येतं
मला माहीत नाही.
येत असेल तर मला वाचून दाखव.
म्हणून सांगतो, मोजायला बसशील
तेव्हा आधीच ठरव,
वाचलेला वेळ कुणाच्या पदरात टाकायचा.
मी ठरवलं नव्हतं.
मग दुसऱ्यानं ठरवलं.

अं? हां, अकरावा लागला परत.
ऐकलास? नाही?
येईल. मला दोन वर्षं लागली,
आणि डाव्या कानाची किंमत.

तो भोंगा कसला, टँकर आला वाटतं.
नळाला आज चौथा दिवस.
पाणी चढून बॉयलर तापायला तास जाईल,
तोवर रंगखात्यात हात बांधून उभे राहतील सगळे.
लिही, एक तास.
नाही, थांब, लिहू नकोस अजून.
आधी जाऊन बघ
कोण कोण उभं आहे.